गोल अडवणाऱ्याची कारकीर्द

गल्लीत दोन संघ पाडले की जो जरा जाडजूड, ज्याचा पाय चेंडूवर नीट बसत नाही, त्याला सांगायचं, "तू बॅक." आपल्या डोक्यातला बचावपटू इथेच तयार होतो आणि पुढे टीव्हीवर इंडियन सुपर लीग (आयएसएल) बघतानाही तसाच राहतो. पुढे खेळता येत नाही म्हणून मागे ठेवलेला, चेंडू आला की दणकून बाहेर घालवणारा, कधी गोल न करणारा आणि गोल झाला की शिव्या खाणारा. यातलं शेवटचं तेवढं खरं आहे.

बाकीचं तपासून बघायला मुंबईच्या राहुल भेकेची कारकीर्द चांगली आहे. तो 2017 मध्ये बंगळुरू एफसीकडे गेला, 2021 मध्ये मुंबई सिटीकडे गेला आणि 2024 मध्ये पुन्हा बंगळुरूला आला.

आधी त्याच्या क्लबाच्या शहराबद्दलचा एक गैरसमज. बंगळुरू म्हणजे क्रिकेट आणि कॉम्प्युटर, फुटबॉल तिथे 2013 मध्ये जिंदालांच्या बंगळुरू एफसीबरोबर आला, असं पुष्कळांना वाटतं. पण मुंबईचा मानाचा रोव्हर्स कप 1937 आणि 1938 असा लागोपाठ दोनदा उचलून नेला तो 'बंगलोर मुस्लिम्स'ने. संतोष ट्रॉफीतही म्हैसूरचा संघ बंगालला पुरून उरायचा. ऑस्टिन टाउन, अलसूर, गौतमपुरा या वस्त्यांत फुटबॉल कधीपासूनचा आहे हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावं.

आता मुख्य गैरसमज: बचावपटू गोल करत नाही. 17 मार्च 2018 रोजी बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर आयएसएलचा अंतिम सामना होता. घरचं मैदान, गुणतक्त्यात पहिला नंबर, नवव्या मिनिटाला सुनील छेत्रीचा गोल. सगळं मनासारखं चाललं होतं. मग चेन्नईयनचा सेंटर-बॅक मेलसन आल्वेस दोनदा कॉर्नरवर पुढे आला आणि दोन्हीदा त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. बंगळुरू 2-3 असं हरलं. बरोबर एक वर्षाने, 17 मार्च 2019 ला, तोच क्लब पुन्हा अंतिम फेरीत होता. या वेळी मुंबईत अंधेरीला, एफसी गोवाविरुद्ध. नव्वद मिनिटं कोरी गेली. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळालं आणि गोवा दहा जणांवर आलं. 117 व्या मिनिटाला डिमास डेल्गाडोने कॉर्नर घेतला आणि भेकेने हेडर मारला. 1-0. बंगळुरूचं पहिलं आयएसएल विजेतेपद एका बचावपटूच्या डोक्यातून आलं, तेही त्याच्याच मुंबईत.

याला योगायोग म्हणता येत नाही. कॉर्नरच्या वेळी चेंडू थांबलेला असतो, सराव करून ठेवलेली चाल खेळता येते आणि हवेतला चेंडू रोज कोण मारतो, तर बचावपटूच. दुसऱ्याच्या पेनल्टी बॉक्समध्ये उडी मारणं म्हणजे आपल्या बॉक्समधलं रोजचं कामच उलट दिशेने करणं. जोखीम मात्र मोठी. तो पुढे गेला की मागची जागा रिकामी पडते. चेंडू निसटला तर सत्तर मीटर मागे पळावं लागतं, म्हणून एक-दोघं मागे थांबलेले असतात. त्यांच्याकडे कॅमेरा कधी वळत नाही.

भेकेने हेच पुन्हा एकदा केलं. 11 एप्रिल 2022, रियाध, एएफसी चॅम्पियन्स लीग, मुंबई सिटी विरुद्ध इराकचा एअर फोर्स क्लब. इराकी क्लबाकडून गोल केला हम्मादी अहमदने. हे नाव बंगळुरूकरांना चांगलंच ठाऊक होतं. 2016 मध्ये बंगळुरू एफसी एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोहोचलेला पहिला भारतीय क्लब ठरला, तेव्हा दोह्यात याच क्लबाच्या याच हम्मादीने त्यांना 1-0 असं हरवलं होतं. रियाधमध्ये मात्र दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली आणि 75 व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेचा हेडर आत गेला. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब. फार जुनी गोष्ट काढायची तर 1962 च्या एशियाडची काढता येईल. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, त्या काळातल्या आपल्या सर्वोत्तम स्टॉपरला, प्रशिक्षक रहीमसाहेबांनी थेट फॉरवर्डला खेळवलं आणि अंतिम सामन्यात त्याने गोलही केला.

तरीही गोलांवरून बचावपटू मोजणं चूकच. तसंच टॅकल मोजणंही. घसरत जाऊन चेंडू काढला की टाळ्या पडतात, पण बऱ्याचदा तसं घसरावं लागतं ते आधी जागा चुकल्यामुळे. चांगल्या बॅकचं काम दिसत नाही. चौघांची फळी एका रेषेत ठेवायची, योग्य क्षणी दोन पावलं पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये सोडायचं, पास जाणार त्या वाटेवर आधीच उभं राहायचं. तो पास मग दिलाच जात नाही. न दिलेल्या पासची नोंद कुठल्या तक्त्यात करणार?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवाल्यांनी या अडचणीवर थोडाफार उपाय काढलाय. अठरा-अठरा जणांचा, लंबगोल मैदानावरचा त्यांचा तो खेळ. त्यात ऑफसाइड हा प्रकारच नाही, त्यामुळे बॅकला रेषेचा आधार नाही. माणूस धरून राहावं लागतं आणि उंच आलेला चेंडू झेलता आला नाही तर निदान ठोसा मारून दूर करावा लागतो. असे ठोसे, समोरच्याची किक अंगावर घेऊन अडवणं, सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करणं यांची तिथे वेगळी मोजणी होते आणि तिला म्हणतात 'वन पर्सेंटर'. एकेक टक्क्याची कामं. आपल्याकडे अशी कामं लक्षात राहत नाहीत. 10 सप्टेंबर 2019 ला भारताने आशियाई विजेत्या कतारला दोह्यात 0-0 असं रोखलं, तेव्हा गोलरक्षक गुरप्रीतचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण त्याच्यापुढे भेके, आदिल खान, संदेश झिंगन आणि मंदार राव देसाई ही चौकडी होती, हे आज कितीजणांना आठवतं?

त्यातला मंदार गोव्याचा. एफसी गोवाने त्याला आधी विंगर म्हणून खेळवलं आणि नंतर लेफ्ट-बॅक केलं. पुढे खेळता न येणारा मागे जातो, या समजुतीला एवढं एक उदाहरण पुरे. वेगाने वर चढणारा आणि तितक्याच वेगाने परतणारा माणूस आज बॅकला लागतो. स्वतः भेकेही कधी राइट-बॅक, कधी सेंटर-बॅक. दोन जागा येणाऱ्याचं नाव संघाच्या यादीत जरा जास्त काळ टिकतं, हा व्यवहारी भागही आहेच.

लीगमध्ये शिरलं की आयुष्य मार्गी लागलं, हा आईबापांचा आवडता समज. पूर्वी एअर इंडिया, ओएनजीसी अशा संघांत निदान नोकरी तरी असायची. नंतर व्यावसायिक क्लब आले आणि नोकरीच्या जागी करार आला. आयएसएलची सुरुवातीची पर्वं दोन-तीन महिन्यांची. त्यामुळे भेके ईस्ट बंगालचा खेळाडू असतानाच मधे केरळ ब्लास्टर्सकडून आणि पुणे सिटीकडूनही खेळून आला. पैसा वाढला हे खरंच, पण ऑगस्ट 2025 मध्ये लीगचंच भवितव्य अधांतरी असताना बंगळुरू एफसीने पहिल्या संघातले खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार बेमुदत स्थगित केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हा संघ आयएसएलचा अंतिम सामना खेळला होता.

आणि वयाचं. विशीत भारताची जर्सी मिळाली नाही की पोरगं संपलं, असं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरही ऐकू येतं. पुढच्या फळीपुरतं त्यात थोडं तथ्य असेल. बचावपटू उशिरा पिकतो, कारण त्याचं अर्धं भांडवल पायांत असतं आणि अर्धं पाहिलेल्या सामन्यांत. भेकेला भारताकडून पहिला सामना मिळाला तो 2019 च्या किंग्ज कपमध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. मे 2024 मध्ये मुंबई सिटीने मोहन बागानला कोलकात्यात 3-1 हरवून आयएसएलचा चषक जिंकला तेव्हा तो कर्णधार होता, वय तेहेतीस. मार्च 2025 मध्ये शिलाँगला भारताने मालदीवला 3-0 हरवलं. निवृत्ती मागे घेऊन चाळिशीत परतलेल्या छेत्रीचा तो सामना म्हणूनच तो लक्षात राहिला. छेत्रीचा गोल तिसरा होता. पहिला, पस्तिसाव्या मिनिटाचा, कॉर्नरवरचा हेडर भेकेचा. चौतिसाव्या वर्षी भारतासाठी केलेला त्याचा पहिला गोल.