वादळाचा अंदाज आणि इशाऱ्याची किंमत

सप्टेंबर २०२४ मध्ये छत्तीसगडात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन दुर्घटना घडल्या. ८ सप्टेंबर रोजी बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यातील मोहतरा गावी वीज कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले. २३ सप्टेंबर रोजी राजनांदगाव जिल्ह्यातील जोरातराई येथे पावसापासून आडोसा घेतलेल्या ८ जणांवर तोच प्रसंग ओढवला. मृतांमध्ये शाळकरी मुलेही होती. दोन्ही ठिकाणे राजधानी रायपूरपासून फार दूर नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात विजेमुळे २,८८७ व्यक्तींचा मृत्यू झाला.

या आकड्यांशेजारी चक्रीवादळांचे आकडे ठेवले की विरोधाभास ध्यानात येतो. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे दगावली. २०१३ च्या ‘फायलिन’मध्ये ही संख्या काही डझनांवर आली, कारण चार-पाच दिवस आधी इशारा मिळाला आणि लाखो लोकांना हलविता आले. मग एका गावावर घोंघावणाऱ्या वादळाबाबत हेच का साधत नाही?

उत्तर आकारमानात आणि आयुर्मानात आहे. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते व अनेक दिवस जगते. गडगडाटी वादळाचा ढग दहा-पंधरा किलोमीटर रुंदीचा असतो आणि अर्ध्या-पाऊण तासात भरास येतो. अशाच ढगाच्या पोटी जन्मणारा टोर्नेडो, म्हणजे जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा, बहुधा काहीशे मीटर रुंद असतो व काही मिनिटांत विरतो. भारतात मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’च्या गणिती प्रारूपात जाळीचा प्रत्येक चौकोन ६ किलोमीटरचा आहे. पूर्वीच्या १२ किलोमीटरच्या तुलनेत ही मोठीच प्रगती होय; तथापि ३०० मीटरचा भोवरा या जाळीतूनही निसटतो. चौकोन लहान करीत गेल्यास प्रश्न सुटेल, असेही नाही. एडवर्ड लोरेंझ यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, वातावरणातील घडामोड जितकी लहान, तितकी तिच्या मोजमापातील चूक लवकर फोफावते. त्यामुळे निरीक्षणे दुप्पट अचूक केली तरी पूर्वसूचनेचा काळ दुपटीने वाढत नाही.

अर्थात काहीच सांगता येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत छत्तीसगडच्या मैदानावर बंगालच्या उपसागरावरून दमट हवा येते, तिच्यावर वायव्येकडील उष्ण व कोरडी हवा झाकणासारखी बसते आणि उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग बदलत जातो. ही सामग्री जुळून आली आहे, हे एक-दोन दिवस आधी कळते. झाकण कोठे आणि किती वाजता फुटेल, हे मात्र कळत नाही. पूर्व भारतात तर हीच सामग्री अधिक तीव्रतेने जुळते. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-सातुरिया भागात टोर्नेडोने सुमारे १,३०० बळी घेतले, तर ३१ मार्च २०२४ रोजी जलपाईगुडी जिल्ह्यातील मैनागुडी परिसर काही मिनिटांत उद्ध्वस्त झाला.

टोर्नेडोच्या अंदाजाचा इतिहासही बोधप्रद आहे. २० मार्च १९४८ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील टिंकर हवाई तळावर कोणतीही सूचना नसताना टोर्नेडो आदळला. त्यानंतर फॉबुश व मिलर या अधिकाऱ्यांनी तशा दिवसाची लक्षणे अभ्यासली आणि पाचच दिवसांनी, २५ मार्च रोजी, तेथेच दुसऱ्या टोर्नेडोचे भाकीत केले. ते खरे ठरले. मात्र त्यानंतर सहा दशके रडार, उपग्रह आणि संगणक यांवर अफाट खर्च करूनही तेथील इशारा सरासरी १३ मिनिटे आधी मिळत होता आणि चारांपैकी सुमारे तीन इशारे पोकळ ठरत होते.

रायपूरचे हवामान केंद्र नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्राच्या अखत्यारीत येते. या परिसराला दीर्घकाळ नागपूरच्या डॉप्लर रडारवर भिस्त ठेवावी लागली. दोन्ही शहरांतील सरळ अंतर सुमारे २६५ किलोमीटर आहे. रडारचा किरण किंचित वर रोखलेला असतो आणि पृथ्वी गोल असल्याने जमीन त्याच्याखालून वळत जाते. परिणामी अर्धा अंश कोनात निघालेला किरण रायपूरवर पोहोचतो तेव्हा तो ६ किलोमीटरांहून अधिक उंचीवर असतो. ढगाचा माथा त्यास दिसतो, परंतु जमिनीलगतचा वारा दिसत नाही. देशातील रडारांचे जाळे दाट करणे हे सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या २,००० कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’चे एक प्रमुख उद्दिष्ट आहे, ते याचसाठी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने उभारलेले वीजशोधक संवेदकांचे जाळे व ‘दामिनी’ ॲप यांमुळेही जवळपास वीज पडत असल्याचे कळू लागले आहे. हवामान खात्याचे तीन तासांपुरते तात्कालिक अंदाजही मिळतात.

येथून पुढील प्रश्न हवामानशास्त्राचा नसून अर्थशास्त्राचा आहे. समजा, धान खरेदी केंद्रावरील ढिगावर ताडपत्री घालण्यास २,००० रुपये मजुरी लागते आणि न घातल्यास व पाऊस आल्यास २०,००० रुपयांचे धान भिजते. अशा वेळी पावसाची शक्यता १० टक्क्यांहून अधिक असताना ताडपत्री घालणे फायद्याचे ठरते. म्हणजे दहापैकी आठ वेळा पाऊस आला नाही तरी निर्णय चुकीचा नव्हता. संभाव्यतेच्या भाषेत दिलेला अंदाज ‘चुकला’ असे म्हणण्याची आपल्याकडील घाई या साध्या हिशेबाकडे दुर्लक्ष करते. परीक्षार्थींनी खर्च व हानी यांचे हे गुणोत्तर नीट समजून घ्यावे. आपत्ती व्यवस्थापनावरील उत्तरांत ते क्वचितच आढळते.

हाच हिशेब जिवाच्या बाबतीत अधिक सोपा असावयास हवा. दोन तास घरात बसण्याचा खर्च तो काय? परंतु निंदणी करणाऱ्या शेतमजूर स्त्रीला तो दोन तासांच्या मजुरीइतका पडतो. शिवाय पावसाळ्यात इशारे वारंवार येतात आणि त्यांतील पुष्कळ तिच्या शिवारापुरते पोकळ ठरतात. चौथ्या-पाचव्या वेळी ती काम सोडत नाही, यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या परीने ती हिशेबच करीत असते. फरक इतकाच की खर्च तिला एकटीला सोसावा लागतो, तर तिच्या मृत्यूनंतरचे साहाय्य शासकीय तिजोरीतून जाते.

हा खर्च कमी करण्याचे मार्ग खर्चिक नाहीत. जिल्ह्याऐवजी ज्या मोजक्या गावांकडे ढग सरकत आहे तेवढ्यांनाच भ्रमणध्वनीवर सूचना देणे, शिवारालगत तडितरक्षक बसविलेला पक्का निवारा बांधणे, म्हणजे दोन तासांची रजा वीस मिनिटांवर येईल, आणि मजुराशी व्यवहार ठरवितानाच इशाऱ्याचा वेळ कामात धरणे, हे त्यांपैकी काही. छत्तीसगडच्या गावांत कोतवाल आजही मुनादी करतो. पंधरा मिनिटांची सूचना त्याच्यापर्यंत पाच मिनिटांत पोहोचली, तर शिवारातील माणसांसाठी दहा मिनिटे उरतात.