फिक्स गिअरची सायकल : रोजच्या ये-जा करण्याचा खरा हिशेब

लहान दुकानदाराच्या वहीत माल, भाडे, वीज आणि नोकराचा पगार हे सर्व खर्च लिहिलेले असतात. घर ते दुकान या ये-जा करण्याचा खर्च मात्र क्वचितच कोणी लिहितो. तो खिशातून जातो, म्हणून वहीत दिसत नाही. आम्ही कापडाच्या धंद्यातले लोक वारातल्या एका बोटाच्या फरकावर घासाघीस करतो आणि या खर्चाकडे मात्र डोळेझाक करतो.

हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन रोज 16 किलोमीटर आणि महिन्याचे 26 दिवस धरले, तर 416 किलोमीटर होतात. मोटारसायकल लिटरला 50 किलोमीटर चालते असे मानले तरी सव्वाआठ लिटरच्या वर पेट्रोल लागते. 2021 साली आपल्याकडे पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपये ओलांडले. महाग पेट्रोलसाठी परभणीचे नाव तेव्हा वर्तमानपत्रांत वारंवार येत होते. शंभराच्या भावाने महिन्याला सुमारे 830 आणि वर्षाला जवळजवळ दहा हजार रुपये होतात. ऑइल, टायर, विमा आणि दुरुस्ती वेगळीच.

हट्टा, वसमत, जवळा बाजार या पट्ट्यात पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन बरीचशी सपाट आहे. औंढ्याकडे चढ लागतात, ते सोडले तर एका गिअरची सायकल इथे पुरेशी आहे. अलीकडे शहरांतली तरुण मंडळी ‘फिक्स गिअर’ची सायकल वापरू लागली आहेत. ती आपल्या कामाची आहे काय, आणि असल्यास गावच्या मिस्त्रीकडून कशी बनवून घ्यावी, हे पाहू.

फिक्स गिअर म्हणजे काय?

आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीला मागे फ्रीव्हील असते. पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि टकटक आवाज येतो. फिक्स गिअरमध्ये फ्रीव्हीलच नसते. मागचे दातेरी चक्र हबला घट्ट बसवलेले असते. चाक फिरेल तोवर पायडल फिरणारच; पाय आवरला की चाकही आवरते. ही काही नवी वस्तू नाही. फ्रीव्हीलचा प्रसार 1900 च्या आसपास झाला. त्याआधीच्या सायकली अशाच होत्या. आजही पुण्याच्या बालेवाडी संकुलासारख्या ट्रॅकवरच्या शर्यती याच सायकलीवर होतात.

फायदा असा की यंत्रात एक भाग कमी होतो. फ्रीव्हीलमधले बारीक छर्रे आणि खिट्ट्या धुळीने व चिखलाने खराब होतात, ती कटकट राहत नाही. दुसरा फायदा पावसाळ्यातला. स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक नीट लागत नाहीत, हा सर्वांचा अनुभव आहे. अशा वेळी पायानेही चाक आवरता येते.

बनवून घेताना

तयार सायकल म्हणजे तयार कपडा, आणि पार्ट निवडून बांधलेली सायकल म्हणजे मापाने शिवलेला कपडा. सुरुवात मापानेच करावी. काळ्या सायकलीची फ्रेम साधारणपणे 22 व 24 इंची मिळते. दांडीवर उभे राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत. जुनी फ्रेम चालते, मात्र चिमटा वाकलेला व जोड तडकलेला नसावा.

खरी मेख मागच्या हबमध्ये आहे. साध्या हबला एकाच दिशेचे आटे असतात. पुढे पायडल मारले की चक्र आवळते आणि मागे जोर दिला की सुटू पाहते. म्हणून फिक्स गिअरच्या खऱ्या हबला चक्राच्या बाहेर उलट्या आट्यांची लॉक रिंग असते. काही कारागीर जुने फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करतात. काम स्वस्तात होते, पण आटे जुनेच राहतात. मागे जोर दिला की संपूर्ण फ्रीव्हील सैल होऊ शकते, तेही नेमके थांबण्याच्या वेळी. ही काटकसर करू नये. दोन्ही बाजूंना आटे असलेले हबही मिळते. त्याच्या एका बाजूला फिक्स चक्र आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसते. चाक उलटे लावले की सायकल नेहमीसारखी होते. नव्या माणसाने हेच घ्यावे.

हब घेण्याआधी दोन मापे घ्यावीत. मागच्या फ्रेमची रुंदी मोजावी आणि रिमची भोके मोजावीत. आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या रिमला सहसा 40 तारा असतात, तर अशी हबे बहुधा 32 किंवा 36 भोकांची असतात. न मोजता हब आणले तर रिमही नवी घ्यावी लागते.

दात्यांचा हिशेब असा. पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील तर 28 इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5.4 मीटर जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी 19 ते 20 किलोमीटर पडतो. मागे कापडाचे गाठोडे बांधायचे असेल तर 20 दाते घ्यावेत. वेग ताशी दोन किलोमीटर कमी होतो, पण गुडघ्यांना आराम मिळतो.

चेन सरळ रेषेत असावी आणि मधोमध दाबल्यास सुमारे अर्धा इंच हलावी. सैल चेन उतरली तर फिक्स गिअरमध्ये चाक जाम होण्याचा धोका असतो. मागचे नट दर आठवड्याला पान्याने तपासावेत.

ब्रेक काढू नयेत

येथे आम्ही स्पष्ट बोलू इच्छितो. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतात, कारण तिथे समोरून ऊसाची ट्रॉली येत नाही आणि रस्त्यात म्हैस बसत नाही. त्यांचे पाहून काही तरुण रस्त्यावरही ब्रेक काढून हिंडतात. ही बहादुरी नव्हे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही आपल्याला दिलेली शिकवण आहे. पुढे व मागे दोन्ही ब्रेक हवेतच. पायाचा रोध ही वरची मदत समजावी.

दुसरी गोष्ट कपड्यांची. साध्या सायकलीत पायजम्याची मोहरी चेनमध्ये गेली तर आपण पाय थांबवतो. फिक्स गिअरमध्ये चाक पाय ओढतच राहते. म्हणून मोहरीला क्लिप किंवा पट्टी बांधावी आणि चेन कव्हर काढू नये. मागे बसणाऱ्या बाईचा बुरखा, ओढणी किंवा साडीचा पदर यांचाही हाच धोका आहे. अशा सायकलीवर डबलसीट बसवूच नये.

पहिला आठवडा मोकळ्या मैदानात सराव करावा. उतारावर आधीपासूनच ब्रेक लावून वेग आवरावा. वळणावर सायकल फार झुकवू नये, कारण पायडल फिरतच असते व जमिनीला लागू शकते. काळी ओली माती मडगार्डमध्ये अडकली की उतरून काढावी. उन्हाळ्यात फजरच्या नमाजनंतर निघणे बरे. मगरिबनंतर परतणाऱ्याने पुढे दिवा आणि मागे लाल रिफ्लेक्टर लावावा.

मिस्त्रीची रोजी

यात आमचा आणखी एक मतलब आहे. 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकल दिनालाच, अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना बंद झाला. 1951 पासूनचे हे नाव. कारखान्यांची ही गत, तर गावोगावच्या सायकल मिस्त्रींची काय असणार? त्यांत आपले अनेक भाऊ आहेत. पंक्चर काढून आणि हवा भरून आता घर चालत नाही. रिमचा आउट काढणे, तारा भरणे, हब बसवणे हे हुनर त्यांच्या हातात आहे, पण त्याची मजुरी मागायला ते लाजतात. मापाने सायकल बांधून देण्याचे काम त्यांनी सुरू करावे, त्याचा दर पाटीवर लिहावा आणि वेल्डिंगचे धोक्याचे काम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ नकार द्यावा.

दुकानदारांनीही एक करावे. दुकानातल्या मुलाला मोटारसायकलच्या हप्त्यात अडकवण्याऐवजी गावच्या मिस्त्रीकडून सायकल बांधून द्यावी. त्याला फिक्स गिअर जमत नसेल तर चाक उलटे लावून फ्रीव्हीलवर चालवू द्यावे. वाचलेला पैसा त्या मुलाच्या घरात राहील, मजुरी मिस्त्रीच्या घरात जाईल आणि दोन्ही घरांची बाजारहाट शेवटी आपल्याच गल्ल्यावर होईल. हलाल कमाईत बरकत असते ती अशाच फेऱ्याने.