घरगुती कचऱ्यातील वायुप्रदूषके आणि सफाई कामगारांचे आरोग्य

शहराच्या हवेचा विचार करताना कारखान्यांची धुराडी आणि मोटारींचा धूर यांकडे प्रथम लक्ष जाते. घरगुती कचरा ही मात्र जमिनीवरील घाण समजली जाते. वस्तुतः तोही हवा दूषित करणाऱ्या अनेक द्रव्यांचा उगम आहे. आणि ही द्रव्ये सर्वांत आधी व सर्वांत दाट स्वरूपात ज्याच्या श्वासात जातात, तो कचरा उचलणारा कामगार होय.

या द्रव्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग वायूंचा. भाजीची देठे, केळ्यांच्या साली व शिळे अन्न बंद पिशवीत प्राणवायूवाचून कुजू लागले, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया आणि उग्र वासाची सेंद्रिय आम्ले निर्माण होतात. दुसरा वर्ग जैव कणांचा. ॲस्परजिलस फ्यूमिगेटस या बुरशीचे बीजाणू केवळ दोन-तीन मायक्रॉन व्यासाचे असल्याने फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचतात. काही जिवाणूंच्या कवचातील एन्डोटॉक्सिन हे विष धुळीबरोबर श्वासात गेल्यास खोकला, ताप व छातीत दडपण उत्पन्न करते. तिसऱ्या वर्गात कचरा जाळल्याने होणारा धूर, फुटलेल्या ट्यूबलाइटमधील पाऱ्याची वाफ आणि कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांतील अवशेष यांचा समावेश होतो.

जळगावात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. अशा उष्म्यात ओला कचरा काही तासांतच आंबतो, तर सुका कचरा भुकटी होऊन उडतो. घंटागाडीच्या उंच कडेवरून बादली उपडी करताना ही धूळ कामगाराच्या तोंडावर येते. संपर्काचा हा क्षण अल्प असला, तरी एका पाळीत तो शेकडो वेळा येतो. डेन्मार्कमध्ये १९९० नंतरच्या दशकात झालेल्या अभ्यासांत कचरा गोळा करणाऱ्यांच्या मळमळ व जुलाब या तक्रारींचा जैव कणांच्या प्रमाणाशी संबंध आढळला. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने २०१० साली कामाच्या ठिकाणच्या हवेसाठी दर घनमीटरास ९० एन्डोटॉक्सिन एकक ही मर्यादा सुचविली.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनी कामगारांना हातमोजे, योग्य पादत्राणे व मुखपट्टी पुरविण्याचे बंधन घातले, तसेच कचऱ्याचे ओला, सुका व घातक असे वर्गीकरण घरीच करण्यास सांगितले. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. तथापि कापडी मुखपट्टी वायूंना अडवीत नाही, आणि खानदेशच्या उन्हात ती दिवसभर तोंडावर ठेवणे दुःसह होते. म्हणून संरक्षणाचा सर्व भार कामगाराच्या तोंडावरील पट्टीवर टाकणे युक्त नव्हे. ओला कचरा रोजच्या रोज, झाकलेल्या भांड्यातून देणे आणि गाडीची कड खाली आणणे हे उपाय द्रव्यांच्या उगमाशीच भिडतात.

संशोधनाच्या दृष्टीने यातून एक दिशा सूचित होते. शहरातील स्थिर मापनकेंद्र नागरिकांच्या सरासरी हवेची मोजणी करते. बादली उपडी होताना उसळणाऱ्या धुळीची नोंद त्यात होत नाही. ती घ्यावयाची, तर मापनयंत्र कामगाराच्या गळपट्टीशीच लावले पाहिजे. कारण त्याच्या आरोग्याचा निर्णय त्या हातभर अंतरातील हवेत होत असतो.