पदकाआधीचे क्रमांक

१९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, त्यानंतर २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने. ऑलिम्पिकच्या वैयक्तिक पदकांपुरते बोलायचे तर महाराष्ट्राच्या खात्यावर एवढीच दोन नावे आणि मध्ये ७२ वर्षे. हा हिशेब आपल्याला पाठ आहे. पण या काळाचा मागोवा घेताना शिकण्यासारखे जास्त सापडते ते पदकाआधीच्या क्रमांकांत.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. तांबड्या मातीत घडलेल्या या पैलवानाला मॅट नवी होती. मातीत समोरच्याला चीतपट केले की निकाल लागतो; मॅटवर घड्याळ चालते, गुण मोजले जातात. आपण कमी पडलो ते ताकदीत की सरावात, हे खाशाबांनी नेमके हेरले. चार वर्षे मेहनत केली आणि वरच्या, ५७ किलोच्या गटात हेलसिंकी गाठली. या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या मारून ते कर्ज फेडले. मिरवणूक बैलगाड्यांची निघाली, हे सगळे सांगतात. कर्जफेडीची गोष्ट त्याहून मोठी आहे. गुणवत्ता एकट्याच्या बळावर उभी राहत नाही आणि तिच्यावर चढलेले ऋण विसरायचे नसते, हे त्यातून दिसते.

पुढची दशके कोरडी गेली असे आपण सहज म्हणतो, पण ते खरे नाही. लष्करात बॉक्सिंग खेळणारे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. त्यांनी खेळ बदलला, ईर्षा तीच ठेवली आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक जिंकले. पुढे माण तालुक्यातल्या दुष्काळी मोहीची ललिता बाबर मॅरेथॉन सोडून स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ साली रिओत थेट अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत तिथवर पोचायला भारतीय महिलेला ३२ वर्षे लागली होती. ललिता दहावी आली. त्या दहाव्या क्रमांकाचे मोल पदकांच्या तक्त्यात दिसत नाही.

पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०१८ साली ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देत ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. मग तो स्वतःचेच विक्रम मोडत राहिला. २०२४च्या जुलैत ८ मिनिटे ९.९१ सेकंद, म्हणजे सहा वर्षांत सुमारे वीस सेकंदांची कमाई! १९९८ ते २०१८ या काळात राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाचीच असत. २०२२ साली बर्मिंगहॅमला अविनाशने रौप्य घेऊन ती मक्तेदारी मोडली. सुवर्ण हुकले अवघ्या ०.०५ सेकंदाने.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नीलची कहाणी तर चौथ्या क्रमांकाचीच. २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत आघाडीवर असताना उभ्याने झाडलेल्या एका गोळीला ७.६ गुण पडले आणि पुन्हा चौथा. पॅरिसमध्ये गुडघ्यावरच्या नेमबाजीनंतर तो सहावा होता, पालथ्या स्थितीनंतर पाचवा. शेवटी उभे राहून नेम धरायची वेळ आली. जिथे हांगझोत पदक निसटले होते, तिथेच त्याने ते मिळवले. एकूण ४५१.४ गुण आणि कांस्य.

खाशाबांची १९४८ ते १९५२ ही चार वर्षे फळाला आली, कारण त्यांच्यासाठी कोणी घर गहाण टाकले. स्वप्नीलच्या पाठीशी क्रीडा प्रबोधिनी, रेल्वेतली नोकरी आणि दीपाली देशपांडे यांच्यासारख्या प्रशिक्षक होत्या. काळ तेवढा तरी बदलला. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडा दिन आहे. त्या दिवशी विजेत्यांचे सत्कार जरूर करा. पण शाळांना, तालमींना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे: सहाव्या आलेल्या मुलाला पुढची चार वर्षे द्या.