अन्व्याच्या मढात चित्रकलेचा वर्ग

"खोडरबर टाका हिच्यात," म्हणत सर डोक्यावरची टोपी काढून प्रत्येकापुढं धरतात. मुलं आधी एकमेकांकडं बघतात, मग एकेक खोडरबर टोपीत पडतं. एकजण खिशातलं लपवू पाहतो. शेजारची मुलगी लगेच सांगते, "सर, ह्याच्याकडं अजून एक हाय." तेही टोपीत जातं.

भोकरदन तालुक्यातलं हे अन्वा गाव. बाराव्या शतकाच्या आसपासचं इथलं दगडी देऊळ. गावात त्याला मढच म्हणतात. रविवार असल्यामुळं सकाळीच मुलं आली आहेत, बहुतेक सातवी-आठवीची. दोघं-तिघं मोठीही आहेत. त्यांतली बारावी झालेली एक मुलगी कला महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. हे सर शाळेतून निवृत्त झालेले कलाशिक्षक. वर्गाची फी नाही. कागद ज्यानं त्यानं आणायचा, पेन्सिली मात्र सरांच्या पिशवीत जास्तीच्या असतात.

पहिलं काम स्मरणचित्राचं. विषय, 'माझं गाव'. वेळ संपते तशी सर सगळे कागद जोत्यावर ओळीनं मांडतात आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर खडे ठेवतात. मी वाकून बघतो. कागद वेगवेगळ्या हातांचे, पण चित्र एकच आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठाला नारळाची झाडं, उजव्या कोपऱ्यात कौलारू घर.

"भोकरदनमधी नारळ कुठं पाहिला रे?" सर विचारतात. कुणी बोलत नाही. "तुझ्या घरावर कौलं हायेत का पत्रे?"

"पत्रे, सर."

"मग कौलं कामून काढली?"

मुलगा बराच विचार करतो. "चित्रात तसंच असतं ना, सर."

या उत्तरानं मला वाईट वाटतं, कारण मुलगा खरं तेच सांगतो आहे. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी त्याच्याकडून हेच घोटून घेतलंय. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत चित्रकला पोचवली, हे त्यांचं मोठं काम. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हा अभ्यासक्रमही चांगला विचार करून बांधलेला आहे. पण इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण जास्तीचे, बीला 5, सीला 3, हे कळल्यापासून बऱ्याच घरांत चित्रकला म्हणजे हे गुण एवढंच उरलंय. मग एक देखावा पाठ करायचा आणि विषय कुठलाही येवो, तोच बसवायचा. केळना नदीच्या काठच्या बाभळी आणि पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातले हिरव्या मिरचीचे ढीग ही मुलं रोज बघतात. त्यांतलं काहीच त्यांच्या कागदावर येत नाही.

सर रागावत नाहीत. पिशवीतून पितळी तांब्या आणि दोन मोसंब्या काढून जोत्याच्या कडेला ठेवतात. जालना जिल्ह्यात मोसंबी काही दुर्मीळ नाही. ठेवल्या ठेवल्या एक पोरगं विचारतं, "झाल्यावर खायची का, सर?" सर मान डोलावतात.

आता खरं शिकवणं सुरू होतं. मी सातवीतल्या एका मुलाच्या मागं बसतो. तो तांब्याचं तोंड लंबगोल काढतो, ते बरोबर आहे. गळा येतो, पोट येतं, आणि बूड तो सरळ आडव्या रेघेनं बंद करून टाकतो. सर त्याच्या शेजारी उकिडवे बसतात. चूक सांगत नाहीत. तांब्या उचलतात आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेत धरतात. "तोंड कसं दिसतंय?"

"रेघेसारखं."

तांब्या हळूहळू खाली येतो. "आता?"

"उघडायलंय."

"अजून खाली?"

"अजून गोल व्हायलंय, सर." आणि एकदम त्याच्या लक्षात येतं. "म्हंजे बूड तोंडाच्या बी खाली हाय, तर ते तोंडापेक्षा जास्त गोल पाहिजे!"

खोडायला काही नाही, म्हणून सरळ रेघेच्या जवळच तो दुसरी, वळणदार रेघ ओढतो. पहिली तशीच राहते. तांब्या आता जमिनीवर बसलाय. बूड सपाट असतं हे हाताला ठाऊक होतं, म्हणून हातानं सरळ रेघ ओढली होती. डोळ्यानं वेगळं सांगितल्यावर हात ऐकतो. खोडरबर का काढून घेतलं ते आता मला समजतं. चुकलेली रेघ समोर असली की बरोबर रेघ कुठं न्यायची ते कळतं. ती पुसली की मुलं पुन्हा तीच चूक त्याच जागी करतात.

मोसंबीची सावली काढताना बहुतेक मुलं पेन्सिल घासून सगळा भाग काळा करतात. सर एका मुलीला सावलीच्या कडेला बघायला लावतात. मोसंबीला लागून सावली गडद आहे, लांब जाताना पातळ होते, आणि फळाच्या खालच्या अंगाला दगडावरून परतलेल्या उजेडाची एक फिकी पट्टी आहे. ती पट्टी दिसायला मुलीला वेळ लागतो. दिसते तेव्हा ती ओरडूनच सांगते, आणि सगळा वर्ग आपापली मोसंबी सोडून तिची बघायला येतो.

बारावी झालेली मुलगी या घोळक्यात नाही. ती मढाच्या बाहेरच्या भिंतीपाशी उभी आहे. हातात पॅड, पेन्सिल 4बी. या भिंतीवर विष्णूची आयुधं धरलेल्या स्त्रीमूर्ती कोरलेल्या आहेत. विष्णूच्या या शक्तिरूपांमुळं अभ्यासक अन्व्याला येतात. सकाळचं तिरपं ऊन मूर्तीवर पडलंय, त्यामुळं झिजलेले दागिनेही उठून दिसतात.

तिनं चेहऱ्यापासून सुरुवात केली होती. मुकुट, कानातली कुंडलं, गळ्यातला हार असं उतरत ती कमरेपर्यंत आली आणि कागद संपला. पाय काढायला जागाच नाही. सर येतात, बघतात. "दागिने झकास झालेत. पण बाई उभी कुठंय?"

नव्या पानावर ते तिला आधी मुकुटाचं टोक आणि पावलं यांच्या खुणा करायला सांगतात. मग एक डोळा मिटून, हात ताठ करून, पेन्सिलीवर डोक्याची उंची मोजायची आणि ती पूर्ण उंचीत किती वेळा बसते ते बघायचं. मग खांद्यांची रेघ कुठं झुकते, कमरेची कुठं. दोन्ही उलट बाजूंना झुकल्या आहेत, कारण सगळा भार एका पायावर आहे. या दोन तिरक्या रेघा पडताच, चेहरा नाही, दागिने नाहीत, तरी कागदावर बाई उभी राहते.

"आता हाताकडं बघू नको. हात आणि कंबर यांच्या मधली मोकळी जागा काढ."

ती थबकते. मोकळी जागा काढायची म्हणजे काय? पण काढते, एक वाकडातिकडा त्रिकोण. तो बरोबर आला आणि कोपर आपोआप जागेवर आलं. मीही माझ्या वहीत तेच करून बघतो. खरंच जमतं.

दुपारच्या जेवणाला सगळे मंडपात सावलीला बसतात. भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि कबूल केल्याप्रमाणं मोसंब्यांच्या फोडी. सर बोलत राहतात. अजिंठा इथून लांब नाही. 1844 मध्ये रॉबर्ट गिल तिथं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला. त्यानं केलेल्या बऱ्याचशा नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा जळाल्या. मग 1872 पासून 1885 पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. "ती पोरं तुमच्यापेक्षा थोडीच मोठी असतील," सर म्हणतात, "भिंतीपुढं बसून शिकली." मग भोकरदनच्या उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची गोष्ट निघते. 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी तिचं फार साम्य आहे. आपल्या तालुक्याचं नाव पॉम्पेईच्या शेजारी घेतलेलं ऐकून मुलं जेवता जेवता थांबतात.

मोठ्या मुलीला मी विचारतो, घरचे काय म्हणतात?

"डी.एड. कर म्हणतात. चित्र काढून पोट भरतं का म्हणतात." मग जरा थांबून, "पण पप्पांनी मागच्या महिन्यात पेपरचं बंडल आणून दिलं. काही बोलले नाहीत, दिलं फक्त."

जेवण झाल्यावर पुन्हा स्मरणचित्र. विषय तोच, 'माझं गाव'. या खेपेला एका कागदावर पत्र्याचं घर आहे. पत्र्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेले दगड आहेत, भिंतीला टेकवलेला फवारणीचा पंप आहे. प्रमाण चुकलंय, पंप दाराएवढा झालाय. पण हे घर त्याच मुलाचं आहे, दुसऱ्या कुणाचं असू शकत नाही. सर त्या कागदावर शेरा लिहीत नाहीत. उलटून मागं फक्त तारीख घालतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तिथं कलेसाठी अर्धवेळ निदेशक हवा. शंभराच्या आतल्या खेड्यातल्या शाळांना तेवढाही आधार नाही. तिथल्या मुलांना एखादे निवृत्त सर भेटले तर भेटले. म्हणून जालना जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावात असा माणूस असेल तर त्याला शाळेची एक खोली आणि रविवारची सकाळ द्या. मुलांना कोऱ्या पानांची वही घेऊन द्या, आणि 7 गुणांची चौकशी करण्याआधी त्या वहीत आपलं घर कुठं दिसतंय का, ते बघा.