हरवलेल्या बैलाचा शोध

बैल हरवला म्हणजे पुष्कळ शेतकरी प्रथम देवऋष्याकडे धावतात व कोंडवाड्याकडे आठवड्याने वळतात. आमच्या मते हा क्रम घातक होय. कोंडवाड्यासंबंधीच्या १८७१ च्या कायद्याने मुदत घालून दिली ती अशी : जनावर कोंडल्यापासून सात दिवसांत मालक न आल्यास पोलीस ठाण्यास वर्दी जावी, वर्णनाची नोटीस लागावी, जवळच्या गावी व बाजारी दवंडी पिटावी, आणि नोटिशीपासून आणखी सात दिवस लोटल्यावर लिलाव. दंड व खर्च वजा जाता उरलेली रक्कम तीन महिने ठेव म्हणून राखावी, असेही त्यात सांगितले आहे. परंतु पेरणीच्या तोंडावर मोडलेली जोड त्या रकमेने जुळत नाही.

नवा घेतलेला बैल बहुधा जुन्या मालकाच्या गावाची वाट धरतो. एक माणूस तिकडे पाठवावा, दुसऱ्याने ओढे व पाणवठे पाहावेत. चोरीचा संशय असल्यास फिर्याद त्याच दिवशी द्यावी, आणि घोटी, मालेगाव येथील बैलबाजारांवर नजर ठेवावी.

वर्णन मात्र नेमके हवे. ‘पांढरा बैल’ एवढ्याने कोणास काय उमगणार? डांगी असल्यास ठिपके काळे की तांबडे, शिंगांचा घाट कसा, किती दाती, भोवरा कोठे, हे सांगावे. कानातील बिल्ल्याचा बारा अंकी आकडा घरच्या वहीत टिपून ठेवावा. बिल्ल्यावाचून जनावरांच्या खरेदी-विक्रीस राज्यात १ जून २०२४ पासून मनाई झाली. म्हणून चोर बिल्ला कापील, तरी आकडा हाती असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदीवरून मालकी दाखविता येते.