कयामतची तारीख कुणाकडे आहे?

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे निघाले की कोंडिवडे लागते आणि पुढे डोंगरात कोंडाण्याची लेणी. उल्हास नदीच्या या खोऱ्यात यंदा रमजानचे रोजे आणि राब भाजणीचे दिवस एकत्र आले आहेत. भाताचे रोप जिथे वाढवायचे त्या तुकड्यावर शेण, कवळ, पालापाचोळा आणि गवत पसरायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि ते सावकाश जाळायचे. बी पडणार थेट जूनमध्ये. पाऊस नेमका कोणत्या दिवशी येईल हे भाजणाऱ्याला माहीत नसते. हवामान खाते मुंबईसाठी ११ जून ही सर्वसाधारण तारीख सांगते, पण पाऊस काही त्या तारखेला बांधलेला नाही. तरीही कुणी राब भाजायचे थांबवत नाही.

कुरआनच्या सूरह लुकमानमधील शेवटच्या आयतीत पाच गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत, ज्यांचे खरे ज्ञान फक्त अल्लाहकडे आहे. कयामतची घडी, पावसाचे येणे, आईच्या उदरात काय आहे, माणूस उद्या काय कमावेल आणि कोणत्या भूमीवर त्याला मरण येईल. जगाचा अंत आणि पाऊस एकाच आयतीत आहेत. पावसाच्या बाबतीत माणसाने हे कधीच मान्य केले आहे. कयामतच्या बाबतीत मात्र तो पुन्हा पुन्हा बोटे मोजत बसतो.

याचे ताजे उदाहरण सप्टेंबर २०२५ मधले. दक्षिण आफ्रिकेतील जोशुआ म्हलाकेला या धर्मोपदेशकाने सांगितले की, २३ किंवा २४ सप्टेंबरला येशू ख्रिस्त परत येतील आणि श्रद्धावानांना वर घेऊन जातील. मोबाइलच्या पडद्यावरून ही गोष्ट जगभर पोचली. काहींनी नोकरी सोडल्याचे, काहींनी गाड्या विकल्याचे सांगितले. दोन्ही दिवस आले आणि गेले.

वर उचलले जाण्याची श्रद्धा

ही श्रद्धा ‘रॅप्चर’ या नावाने ओळखली जाते. तिचा आधार सेंट पॉल यांनी थेस्सलनीका शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शोधला जातो. ख्रिस्त परत येण्याआधीच आपली माणसे वारली, आता त्यांचे काय, या दुःखात तिथले लोक होते. त्यांना धीर देताना पॉल यांनी लिहिले की, आधी मृत श्रद्धावान उठतील आणि मग हयात असलेले त्यांच्याबरोबर मेघांमध्ये प्रभूच्या भेटीला घेतले जातील. म्हणजे मुळात हे सांत्वनाचे पत्र होते.

ख्रिस्त पुन्हा येणार, हे बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथ मानतात. वाद आहे तो क्रमाचा. श्रद्धावानांना आधी गुपचूप वर नेले जाईल आणि मागे राहिलेल्यांवर सात वर्षांचे महासंकट येईल, ही मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी पुढे आणली. १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टीपांसह बायबलमुळे ती अमेरिकेत घरोघरी गेली. काही जण म्हणतात, उचलले जाणे महासंकटाच्या आधी होईल. काही म्हणतात मध्यावर, काही म्हणतात शेवटी. यावरून मंडळ्या फुटल्या आहेत. रायगडच्या किनाऱ्यावरील कोर्लईपासून वसईपर्यंतचे कॅथलिक ज्या चर्चचे आहेत, ते असे वेगळे गुपचूप उचलले जाणे शिकवतच नाही. ख्रिस्त उघडपणे येतील आणि न्याय होईल, एवढेच ते सांगते.

मुस्लिम वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. हजरत ईसा (अ.) यांचे पुन्हा अवतरणे, दज्जालचा फितना, याजूज-माजूज, इमाम महदी यांचे येणे, हे सारे इस्लामी परंपरेत आहे. आपल्या रायगडातच शतकानुशतके राहिलेला बेने इस्राएल समाज मलिदाच्या विधीत एलियाहू हनावी यांचे स्मरण करतो. मसीहाच्या आधी ते येतील अशी यहुदी श्रद्धा आहे आणि कुरआनात त्यांचाच उल्लेख हजरत इलियास (अ.) म्हणून येतो. वाट पाहणे तिन्ही धर्मांना ठाऊक आहे. घोटाळा होतो तो वाट पाहणारा कॅलेंडर काढतो तेव्हा.

शेतात राहिलेले बटाटे

कॅलेंडर काढणाऱ्यांमध्ये सर्वांत गाजलेले नाव विल्यम मिलर यांचे. ते न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी होते, बाप्टिस्ट पंथाचे. दानिएल प्रेषिताच्या ग्रंथातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे असे धरून, इ.स.पूर्व ४५७ पासून मोजत ते १८४३ वर आले. १८४४ च्या वसंतापर्यंत काही घडले नाही, तेव्हा त्यांच्या अनुयायांनी नवा हिशेब मांडला आणि २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला. हजारो लोकांचा त्यावर विश्वास बसला. दुकाने बंद झाली. काही शेतकऱ्यांनी पीक काढलेच नाही, बटाटे जमिनीतच राहू दिले. काढले तर आपल्या श्रद्धेत खोट दिसेल, असे त्यांना वाटले. २३ ऑक्टोबरची सकाळ नेहमीसारखीच उजाडली. अमेरिकेच्या इतिहासात हा दिवस ‘महानिराशा’ म्हणून नोंदला गेला. रात्रभर रडलेली ही माणसे ढोंगी नव्हती. त्यांची श्रद्धा खरी होती, फक्त हिशेब त्यांच्या हातातला नव्हता.

त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी १८६३ साली सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ स्थापन केला. त्याच वर्षी कर्जतच्या बाजूने बोरघाट चढून रेल्वे पुण्याशी जोडली गेली. पुढे हा पंथ त्याच पुण्यात रुजला. साल्सबरी पार्कात त्याचे दक्षिण आशियाचे मुख्यालय अनेक वर्षे होते आणि १९४२ पासून स्पायसर ही त्यांची शिक्षणसंस्था पुण्यात आहे. येशू लवकर येतील असे हे लोक आजही मानतात, पण तारीख ठरवत नाहीत. शाळा चालवतात, दवाखाने चालवतात. एका चुकलेल्या तारखेने त्यांना एवढे शिकवले.

सगळेच शिकले असे नाही. हॅरॉल्ड कॅम्पिंग या अमेरिकी रेडिओ उपदेशकाने २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली. त्या प्रचारासाठी काही श्रोत्यांनी आयुष्यभराची पुंजी दिली. तो दिवस गेल्यावर त्यांनी २१ ऑक्टोबर सांगितला. तोही गेला. २०१२ मध्ये त्यांनी तारीख सांगणे हे आपले पाप होते अशी कबुली दिली. ज्यांची पुंजी गेली त्यांना ती कबुली परत काय देणार?

आपल्या मातीतले हिशेब

हे फक्त परदेशात घडते असे समजू नये. १९६२ च्या फेब्रुवारीत ३ ते ५ तारखांना मकर राशीत अष्टग्रही आली, तेव्हा देशभर प्रलयाची भीती पसरली आणि ठिकठिकाणी होमहवन झाले. जुन्या पिढीला ती आठवण आहे.

मुस्लिम समाजाचा इतिहासही याला अपवाद नाही. हिजरी सनाला हजार वर्षे होत आली, तेव्हा काही मोठे घडणार अशी हवा सगळीकडे होती. अकबर बादशहाने हजार वर्षांचा इतिहास ‘तारीख-ए-अल्फी’ या नावाने लिहवून घेतला. सय्यद मुहम्मद जौनपुरी यांना महदी मानणाऱ्यांचा प्रभाव अहमदनगरच्या निजामशाहीपर्यंत पोचला होता. १५८९ नंतर तिथे अल्पवयीन इस्माईल निजामशहाच्या नावाने जमाल खान कारभार पाहू लागला आणि त्याने महदवी मताला राजाश्रय दिला. १५९१ मध्ये, हिजरी १००० उजाडण्याच्या काही महिने आधी, बुलढाण्याकडील रोहणखेडच्या लढाईत तो मारला गेला. हजारावे वर्ष आले आणि इतर वर्षांसारखेच सरले. महदवी समाज आजही आपल्या श्रद्धेने शांतपणे जगतो आहे. वर्षाच्या आकड्यावर टांगलेल्या अपेक्षा तेवढ्या विरून गेल्या.

आणि अगदी अलीकडचे २०२०. टाळेबंदीतला रमजान. मशिदी बंद, तरावीह घरात, मनात भीती. त्यात मोबाइलवर एक मजकूर फिरू लागला की, १५ वा रमजान शुक्रवारी आला तर आकाशातून भयंकर आवाज होईल आणि लोक मरतील. हदीसच्या जाणकारांनी ही रिवायत विश्वासार्ह नसल्याचे वेळोवेळी सांगितले आहे. पण साधा हिशेबही पुरेसा होता. सौदी अरबस्तानात पहिला रोजा २४ एप्रिलला झाला, म्हणून १५ वा रमजान शुक्रवारी, ८ मे रोजी आला. महाराष्ट्रात पहिला रोजा २५ एप्रिलचा, त्यामुळे इथला १५ वा रमजान शनिवारी. मग आवाज कुणाच्या शुक्रवारी होणार होता? हा प्रश्न विचारण्याआधीच मजकूर पुढच्या दहा जणांना गेलेला होता. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या रात्री झोप लागली नाही, हे पाठवणाऱ्यांच्या ध्यानातही आले नसेल.

न सांगितलेली तारीख

खरे तर दोन्ही धर्मांच्या मूळ शिकवणीत उत्तर स्पष्ट आहे, आणि ते चकित करावे इतके सारखे आहे. बायबलमधील मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत येशू सांगतात की, तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कुणालाही ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही. मार्क यांनी तर पुत्रालाही नाही, असे स्वच्छ नोंदवले आहे. इस्लाममध्ये हदीस-ए-जिब्रील प्रसिद्ध आहे. अनोळखी माणसाच्या रूपात आलेल्या हजरत जिब्रील (अ.) यांनी कयामतविषयी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उत्तर दिले की, ज्याला विचारले जाते आहे त्याला विचारणाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक नाही. ज्यांच्या नावाने तारखा काढल्या जातात, त्यांनी स्वतः तारीख सांगण्यास नकार दिला आहे.

शब-ए-कद्रचेही असेच आहे. बुखारी शरीफमध्ये नोंद आहे की, प्रेषित (स.) त्या रात्रीची तारीख सांगायला बाहेर आले होते. तेवढ्यात दोन माणसांचे भांडण जुंपले आणि ते ज्ञान उचलून घेतले गेले. कदाचित यातच तुमचे भले असेल, असे सांगून त्यांनी ती रात्र शोधत राहायला सांगितले. शेवटच्या दहा दिवसांतील विषम रात्री मुसलमान जागतो तो यासाठी. तारीख कळली असती तर एकच रात्र जागून बाकीच्या रात्री झोपेत गेल्या असत्या. आणि वाद घालणाऱ्यांच्या हातून काय निसटते, हेही त्या प्रसंगातून दिसते.

एका माणसाने प्रेषितांना (स.) थेट विचारले, कयामत केव्हा? त्यांनी उलट विचारले, तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस? दुसऱ्या एका हदीसमध्ये सांगितले आहे की, कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावून टाका. फळ कोण खाणार, सावलीत कोण बसणार, हा विचार तिथे नाही. सेंट पॉल यांनीही थेस्सलनीकाकरांना दुसऱ्या पत्रात, कामधंदा सोडून बसलेल्यांना समज दिली की, स्वतः काम करून आपली भाकरी खा.

महाराष्ट्रात हे ज्यांनी जगून दाखवले त्यांत पंडिता रमाबाई येतात. जून १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. शेकडो मुली प्रार्थनेत रडत होत्या. पीक कापणीला येण्यापूर्वी पडतो तसा हा शेवटचा आध्यात्मिक पाऊस आहे, प्रभूचे येणे जवळ आले आहे, असा अर्थ त्या काळी जगभरच्या अशा जागरणांना लावला जात होता. पण मुक्तीमधला छापखाना थांबला नाही, शेती थांबली नाही, दुष्काळातून आणलेल्या मुलींचे शिक्षण थांबले नाही. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला वाहून घेऊन होत्या.

कोंडाण्याच्या लेण्यावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बालक याने हे घडवले, एवढाच त्याचा आशय. दोन हजार वर्षे लोटली. चैत्यगृहातील खांबांचे खालचे भाग झिजून पडले आहेत, छत अजून उभे आहे. बालकाचा काळ संपला, त्याचे काम मागे राहिले.

रमजानमध्ये ज्यांची वेळ ठरलेली आहे अशा गोष्टी पुष्कळ आहेत. सहरी संपण्याची वेळ मिनिटाबरहुकूम छापलेली असते. मालावर चांद्रवर्ष पुरे झाले की अडीच टक्के जकात देणे लागते. सदका-ए-फित्र ईदच्या नमाजपूर्वी गरिबाच्या हातात पडले पाहिजे, म्हणजे त्याच्या घरीही ईद होईल. कुणाचे देणे असेल, कुणाशी अबोला असेल, तर तो मिटवायला कुठल्याही भविष्यवाणीची गरज नाही. कयामतची तारीख अल्लाहने आपल्याकडे ठेवली आहे. फित्र्याची तारीख त्याने आपल्याला सांगितली आहे आणि ती आता फार दूर नाही.